सिरॅमिकचा हनी डिपर घडवताना: खाचा, ग्लेझ आणि सोलापूरचा कोरडा वारा

मृद्गंधा

नमस्कार मंडळी,

हनी डिपरचा फोटो बघितला की वाटतं, यात अवघड ते काय? एक दांडी आणि टोकाला खाचा पाडलेलं बोंड. पण मातीत करायला घेतलं की कपबशीपेक्षा याचाच हिशोब जास्त नाजूक निघतो. जुळे सोलापुरात गच्चीवरच्या खोलीत माझं चाक आणि विजेची छोटी भट्टी आहे. तिथे स्टोनवेअरचे, म्हणजे जास्त तापमानाला पक्क्या भाजणाऱ्या मातीचे, डिपर करताना जे समजत गेलं ते सविस्तर लिहिते. तुमच्याकडून यात भर पडावी म्हणूनच धागा काढलाय.

डिपर मधात बुडवून वर काढायचा, आडवा धरायचा आणि बोटांत सावकाश फिरवत राहायचं. मध खाली ओघळू लागेपर्यंत ती बाजू वर आलेली असते, म्हणून थेंब पडत नाही. फिरवणं थांबवून टोक खाली केलं की धार सुरू होते. मधाला चिकटून राहायला खाचांमुळे जागा मिळते. म्हणून माझ्या मते डिपर चांगला की वाईट हे फक्त खाचेवर ठरतं. रंग, नक्षी, दांडीचा बाक हे सगळं त्यानंतर. बाजारात दिसणाऱ्या कित्येक सुबक डिपरच्या खाचा ग्लेझनं, म्हणजे भट्टीत वितळून बसणाऱ्या काचेसारख्या लेपानं, बुजून गेलेल्या असतात आणि त्यात मध थांबतच नाही. तो डिपर नव्हेच, नुसती शोभेची काठी झाली.

माझी मापं अशी. भाजून तयार झालेला डिपर १५ सेंटिमीटर लांब. बोंड ३० मिलिमीटर जाड आणि साधारण ४० मिलिमीटर उंच. त्यावर ६ खाचा, प्रत्येक ३ मिलिमीटर रुंद आणि ५ ते ६ मिलिमीटर खोल. मधल्या कडाही ३ मिलिमीटरच्या. माझी माती ओल्यापासून पूर्ण भाजेपर्यंत १२ टक्के आटते, म्हणजे १५ सेंटिमीटरसाठी ओली लांबी १७ धरावी लागते. खाचेचा हिशोब थोडा वेगळा पडतो. दोन्ही भिंतींवर मिळून पाऊण मिलिमीटरच्या आसपास ग्लेझ बसतं, ते आधी मिळवायचं आणि मग आटणं धरायचं. म्हणजे ३ मिलिमीटरची खाच हवी तर ओल्या मातीत ती सव्वाचार मिलिमीटरची पाडायची. हे केलं नाही तर खाच बुजलीच म्हणून समजा.

दांडी मी पाटावर लाटून करते. लाटताना तिला पीळ पडू द्यायचा नाही आणि एकदाही वाकू द्यायची नाही. वाकलेली दांडी हातानं सरळ केली तरी भट्टीत ती बरोबर त्याच जागी परत वाकते. बोंड वेगळं घडवते. दोन्ही चामड्याइतकी घट्ट झाली की सांध्याच्या जागी चरे पाडायचे, मातीचा दाट घोळ लावायचा आणि दाबून जोडायचं. सांधा नीट बसला की दांडी चाकाच्या मधोमध मातीच्या गोळ्यात उभी रोवते आणि चाक अगदी हळू फिरवत खाचा पाडते. चाक जोरात असेल तर कड फाटते. खाचेचा तळ गोल ठेवायचा. टोकदार तळातून चीर हमखास निघते.

आता दोन प्रश्न. वाळवताना कडा आधी सुकतात आणि मधला गाभा ओला राहतो, त्यानं खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा येतात. एप्रिल-मे महिन्यात तर फारच. तुम्ही यावर काय करता? दुसरं म्हणजे ग्लेझच्या भट्टीत डिपर उभा ठेवावा की टांगावा?

---

हुतात्मानं_पुण्याला

वा, मापांसकट लिहिलंत हे फार बरं केलंत ताई. मी मूळची सोलापूरचीच, सध्या पुण्यात एका स्टुडिओत शनिवार-रविवार शिकते आहे. आम्हाला सांगितलं होतं की बोंड भरीव ठेवू नका, आत हवा अडकली की भट्टीत फुटतं. तुमचं बोंड भरीव आहे का? आणि खाचा पाडायला कुठलं हत्यार वापरता?

---

मृद्गंधा

बोंड भरीवच. हत्यार घरीच केलेलं आहे. यंत्रमागाच्या जुन्या फणीत पोलादाच्या चपट्या पट्ट्या असतात. भंगारात तशी फणी सहज मिळते. त्यातली एक पट्टी काढून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची आणि लाकडी मुठीत पक्की बसवायची. पट्टी पातळ आणि कडक असते, त्यामुळे माती दाबली न जाता स्वच्छ कापली जाते. खाचेच्या रुंदीप्रमाणे दोन-तीन मापांची करून ठेवली आहेत. सोलापुरात राहून याच्यासाठी विकतचं हत्यार घ्यायची गरज नाही.

---

अभ्रक

चांगला धागा. मी सिरॅमिकचा अभियंता, शाळा सोलापूरची, नोकरी गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात.

हवेबद्दल आधी. नुसत्या हवेनं वस्तू फुटत नाही. फुटते ती आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. १०० अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की तुकडे उडतात. जाड वस्तूत ओल जास्त दिवस टिकते, म्हणून दोष हवेच्या माथी मारला जातो. भरीव बोंड पूर्ण कोरडं असेल आणि भट्टी ९० अंशांच्या आसपास काही तास थांबवून मग वर नेली तर काहीही होत नाही. ताईंच्या मापात खाचेच्या तळाशी गाभा १८ मिलिमीटरच्या आसपास उरतो. एवढ्याला पोकळ करायची गरजच नाही. पोकळ केलंच तर हवेसाठी भोक ठेवावं लागेल आणि त्यात मध शिरून बसेल.

दुसरा नाजूक टप्पा ५७३ अंशांचा. तिथे मातीतल्या क्वार्ट्झचं, म्हणजे वाळूसारख्या गारेच्या कणांचं, रूप बदलतं आणि ते अचानक फुगतं, थंड होताना तेवढंच आकसतं. दांडी आणि बोंड यांच्या जाडीत मोठा फरक आहे, त्यामुळे सांध्यावर ताण येतो. ५०० ते ६५० अंशांच्या मधे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळेला सावकाश जा. ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी १००० अंशांपर्यंत पुरते.

टांगणं उत्तम. दांडीच्या शेंड्याला भोक ठेवायचं, तारेत ओवायचं आणि दोन विटांवर ती तार आडवी टाकायची. बोंडाचं वजन खाली ओढत राहतं, त्यानं दांडी सरळच राहते. भोकाच्या आतलं आणि लगतचं ग्लेझ पुसून टाका, नाहीतर तार चिकटेल. तार कँथलची घ्या. कँथल आणि निक्रोम या दोन्ही भट्टीच्या तापमानाला टिकणाऱ्या मिश्रधातूंच्या तारा. निक्रोमचा वितळबिंदू १४०० अंशांच्या आसपास आहे, पण १२२० च्या वर ती मऊ पडते आणि वजनानं झोळ पडतो. कँथल ए-१ चा वितळबिंदू १५०० च्या घरात आहे. तरी एका तारेवर गर्दी करू नका, तार आखूड ठेवा.

---

कुंभारवाडा_सोलापूर

ताई, नमस्कार. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मातीचं. संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ आणि डेरे, दिवाळीला पणत्या, असं वर्षभर चाललेलं असतंय. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी तर मान वर करायला सवड नसती. सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाशी लग्न लागलेली ती कुंभाराचीच लेक, त्यामुळं यात्रेतला त्या लग्नाचा अक्षता सोहळा आम्हाला घरचं कार्य वाटतंय.

वाळवायचं सांगतो. आमच्या इथल्या उन्हात पंखा, वारा, खिडकी सगळं वैरी. गोणपाट ओला करून झाकलं तर वरनं ओल लागती आणि खाचा मऊ पडतात, ते तुमच्या कामाला बरं नाही. त्यापेक्षा जुना माठ नाहीतर रांजण घ्या, न झिरपणारा झालेला असला तरी चालतोय. तळाला वीतभर वाळू टाका, वाळू ओली करा, तिच्यावर फळी ठेवा आणि फळीवर तुमच्या काठ्या उभ्या करा. तोंडावर ताटली. आतली हवा सगळीकडनं सारखी दमट राहती. चार-पाच दिवस तसंच ठेवायचं, मग रोज ताटली थोडी थोडी सरकवायची. शेवटी बाहेर काढून सावलीत. उन्हात ठेवायचं ते रंग पूर्ण फिकट झाल्यावरच. गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून ओल हाय.

दुसरं, तुम्ही दांडी वेगळी आणि बोंड वेगळं करता. आम्ही झाकणाची मूठ जशी चाकावर ओढतो तसं एकाच गोळ्यातनं दोन्ही काढता येईल. चाकावर मोठा गोळा ठेवायचा, वरचं टोक चिमटून बोंड करायचं, त्याच्याखाली मान बारीक करत आणायची आणि दोऱ्यानं कापायचं. सांधाच नाही म्हटल्यावर सांध्याला चीर कुठली?

---

मृद्गंधा

काका, रांजणाची युक्ती मनापासून आवडली. ओल वरून न लागता आजूबाजूनं राहते, नेमकं हेच हवं होतं. माझ्याकडे थर्माकोलच्या खोक्यात प्लास्टरचा ओला थर घालून केलेली पेटी आहे, पण मे महिन्यात ती फार लवकर सुकते. रांजणाची जाडी आणि वाळू मिळून जास्त दिवस टिकेल.

चाकावर एका गोळ्यात करण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. १७ सेंटिमीटरची भरीव दांडी चाकावर ओढताना मातीला पीळ बसतो. ओली असताना तो दिसत नाही, १२०० अंशांच्या पुढे माती मऊ झाली की उलगडायला लागतो. आखूड दांडीच्या डिपरला तुमची पद्धत नक्की चालेल.

---

कुंभारवाडा_सोलापूर

बरोबर हाय. आमची भट्टी तेवढी तापत नाही, म्हणून पीळ उलगडल्याचं आम्हाला दिसत नाही. आखूड करून बघतो मी.

---

भाकरी_ठेचा

मी यातली तज्ज्ञ नाही, पण मला एक विचारायचं आहे. आपल्या सोलापूरच्या मातीतच हे का करू नये? बाहेरून माती मागवायची कशाला? काकांच्या भट्टीत भाजलेला, इथल्या मातीचा डिपर मला जास्त आवडेल.

---

कुंभारवाडा_सोलापूर

ताई, तुमच्या शब्दानं बरं वाटलं. पण खरं ते सांगतो. आपल्याकडची काळी माती ज्वारीला सोनं हाय, भांड्याला नाही. पाणी पिऊन ती फुगती आणि वाळताना रानात जशा भेगा पडतात तशाच भांड्याला पडतात. आम्ही तळ्यातला गाळ आणि तांबडी माती मिसळून, त्यात राख नाहीतर घोड्याची लीद घालून काम करतो. त्यातसुद्धा चुनखडीचे खडे असतात. ते बारीक चाळणीनं काढावंच लागतंय. एखादा खडा राहिला तर भाजताना त्याचा चुना होतो, पुढं हवेतली ओल धरून तो फुगतो आणि महिन्याभरानं सुद्धा भांड्याची खपली उडवतो. मधात मातीची खपली पडली तर कसं चालेल?

आणि आमचं भांडं पाणी झिरपवणारं. माठाला तो गुण, मधाच्या काठीला तो दोष.

---

अभ्रक

काकांशी शंभर टक्के सहमत. तांबड्या मातीत लोह जास्त असतं, ती ११०० च्या पुढे नेली तर फुगते किंवा बसते. त्यामुळे ती सच्छिद्रच राहते. वरून ग्लेझ दिलं तरी ते तडकलं की मध आणि पाणी अंगात मुरणार, वास धरणार, ओल्या दिवसांत बुरशी येणार. स्टोनवेअर १२२० ते १२४० अंशांना पक्कं भाजलं की पाणी शोषणं साधारण २-३ टक्क्यांच्या खाली येतं, पोर्सेलेनचं त्याहून कमी. खाण्याच्या वस्तूला हे हवंच.

तपासायला सोपं आहे. ग्लेझ न दिलेला भाजका तुकडा कोरडा असताना वजन करा, दोन-तीन तास पाण्यात उकळवा, तसाच रात्रभर पाण्यात राहू द्या, पुसून परत वजन करा. वजन किती टक्के वाढलं तेवढं शोषण.

स्थानिक मातीत काही करायचंच असेल तर डिपर ठेवायची बशी करा. ती झिरपली तरी बिघडत नाही.

---

सातेरी

सांगोल्याकडून रामराम. मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. डाळिंबाच्या बहरात बागायतदार परागीभवनासाठी पेट्या मागतात, नंतर सूर्यफुलाकडे नेतो. मधाच्या बाजूनं चार गोष्टी सांगायच्या आहेत.

डिपर बरणीतच बुडवून ठेवायची चित्रं सगळीकडे दिसतात. कृपा करून तसं विकू नका आणि गिऱ्हाईकालाही सांगू नका. झाकण उघडं राहतं आणि मध हवेतली ओल ओढून घेतो. आपल्याकडच्या कायद्यात मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. मध त्याच्या जवळ गेला की त्यातलं यीस्ट जागं होतं आणि आंबायला सुरुवात होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी, तेव्हा फारसं जाणवणार नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये नक्की जाणवेल. ओला डिपर बुडवणं तर त्याहून वाईट. धुतल्यावर खाचांत पाणी अडकून राहतं, ते थेट मधात जातं. धुवा, झटका, उभा करून पूर्ण वाळवा, मगच वापरा.

सूर्यफुलाचा मध लवकर साखरतो, कारण त्यात ग्लुकोज जास्त. साखरलेला मध भेसळीचा नसतो, हे परत परत सांगावं लागतं. पण त्यात डिपर चालत नाही, चमचाच लागतो. बरणी ४०-४५ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. गॅसवर ठेवू नका.

मधाला धातू लावू नये असं बरेच जण म्हणतात. स्टीलच्या चमच्यानं दोन मिनिटांत काही होत नाही. मध आम्ल असतो, सामू साधारण ३.९. त्यामुळे लोखंड, तांबं, जस्त यांच्या भांड्यात तो साठवू नये एवढंच खरं. आणि आम्ल असतो म्हणूनच मला ग्लेझची काळजी वाटते. तुमच्या ग्लेझमधलं काही मधात उतरत नाही ना, हे कसं ठरवता?

---

डॉ_सात_रस्ता

सातेरी यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी याच प्रश्नासाठी लिहायला आले.

शिसं असलेलं ग्लेझ कमी तापमानाला वितळतं, झळझळीत दिसतं, म्हणून पूर्वी ते सर्रास वापरलं जायचं आणि कुठे कुठे अजूनही वापरात आहे. आम्ल पदार्थात शिसं उतरतं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. भडक लाल, नारिंगी, पिवळ्या रंगात कॅडमियमचाही प्रश्न असतो. डिपरचं बोंड पूर्णच मधात बुडतं आणि खाचांमुळे त्याचा पृष्ठभाग साध्या काठीपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे इथे जराही सूट नको.

अजून एक, विषय थोडा बाजूचा आहे पण विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा. बारशाला भेट म्हणून छोटा डिपर आणि मधाची बाटली द्यायची पद्धत दिसायला लागली आहे. बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, तरी १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषानं स्नायू लुळे पडतात. डिपरसोबत चिठ्ठी देत असाल तर ही ओळ त्यात जरूर छापा.

---

मृद्गंधा

डॉक्टर, ही ओळ आजच चिठ्ठीत घातली. मनापासून आभार.

ग्लेझबद्दल. माझं बोंडावरचं ग्लेझ शिसं आणि कॅडमियम नसलेलं, पारदर्शक, १२३० अंशांचं आहे. रंगीत ग्लेझ फक्त दांडीवर. तांब्याचा हिरवा रंग मला फार आवडतो, पण तोही बोंडावर देत नाही, कारण आम्लात तांबं उतरू शकतं. घरी मी दोन चाचण्या करते. तयार डिपर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवायचा आणि सकाळी त्याच खेपेतल्या न बुडवलेल्या डिपरशेजारी ठेवून बघायचं. चकाकी गेली किंवा रंग बदलला तर ते ग्लेझ बाद. दुसरी तडकण्याची. उकळत्या पाण्यातून थेट बर्फाच्या पाण्यात, परत उकळत्यात, असं काही वेळा करायचं आणि मग शाई चोळायची. तडा असेल तर शाई रेघ दाखवते. हा डिपर विकायचा नाही, चाचणीचाच ठेवायचा.

---

अभ्रक

दोन्ही चाचण्या योग्य आहेत, फक्त एक लक्षात असू द्या. व्हिनेगरनं ग्लेझ बिघडलं तर ते कच्चं आहे हे कळतं. बिघडलं नाही म्हणजे शिसं नाही असं मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. आयएसओ ६४८६ या मानकात ४ टक्के ॲसेटिक आम्लात, २२ अंशांना, २४ तास ठेवून किती शिसं आणि कॅडमियम उतरलं ते मोजतात. नियमित विकायचं असेल तर प्रत्येक नव्या ग्लेझचा एक नमुना पाठवून अहवाल हातात ठेवा. आणि पुरवठादार बदलला तरी परत तपासा, नाव तेच असलं तरी.

आता ज्यासाठी परत आलो ते. ताई, तुमची ३ मिलिमीटरची खाच सोलापूरच्या उन्हाळ्याच्या हिशोबानं ठरवली आहे की हिवाळ्याच्या? मध २० अंशांवरून ४० अंशांवर गेला की त्याचा दाटपणा ढोबळमानानं ८-९ पट कमी होतो. आडव्या फिरत्या दांड्यावर जास्तीत जास्त किती द्रव टिकतो याचं गणित गणितज्ञ एच. के. मोफॅट यांनी १९७७ साली मांडलं. ते प्रमाण दाटपणा आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी जातं. दाटपणा नऊ पट घटला की टिकणारा मध एक तृतीयांशावर येतो. मेमधल्या दुपारी तोच डिपर, तेवढाच फिरवला, तरी ताटावर ठिबकणार.

यावर उपाय खाचेतच आहे. अरुंद खाचेत द्रव सरकण्याचा वेग रुंदीच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. ३ च्या जागी अडीच मिलिमीटर केलं तर वेग ३० टक्क्यांनी उतरतो. खोली थोडी वाढवली की मधाचं प्रमाणही राहील.

---

मृद्गंधा

हे वाचून फार आनंद झाला. उन्हाळ्यात तक्रारी येतात आणि संक्रांतीला येत नाहीत याचं कारण मी ग्लेझच्या जाडीत शोधत होते.

पण अडीचच्या खाली जायला मी तयार नाही. दोन मिलिमीटरच्या खाचेत ग्लेझ दोन्ही बाजूंनी येऊन पूल बांधतं आणि धुताना ब्रश तळाला पोचत नाही. जे धुता येत नाही ते स्वयंपाकघरात नको. अडीचसाठी ग्लेझही पातळ लागेल. बोंड ग्लेझमध्ये पटकन बुडवून काढायचं, लगेच झटकायचं, खाचांतून जोरात फुंकायचं आणि सुकल्यावर प्रत्येक खाचेतून सुई फिरवून साचलेलं काढायचं. वेळ जातो, पण त्याला पर्याय नाही.

---

हुतात्मानं_पुण्याला

मग खाचेत ग्लेझ द्यायचंच कशाला? माती पक्की भाजलेली असेल तर बोंड बिनग्लेझचं ठेवता येईल. खाच बुजायचा प्रश्नच मिटतो.

---

अभ्रक

तत्त्वतः चालेल, शोषण १ टक्क्याच्या खाली असेल तर. पोर्सेलेनमध्ये लोक तसं करतात, पण त्याला भाजल्यावर ओल्या पॉलिश-पेपरनं घासून गुळगुळीत करावं लागतं. इतक्या बारीक खाचांच्या आत घासणं जवळजवळ अशक्य. स्टोनवेअरमध्ये रवाळपणा राहतो, मध पुसून निघत नाही. मी ग्लेझच्या बाजूनं.

---

भाकरी_ठेचा

इतकं सगळं वाचल्यावर एक गिऱ्हाईक म्हणून विचारते. लाकडी डिपर स्वस्त मिळतो, पडला तरी फुटत नाही. मी सिरॅमिकचा का घ्यावा?

---

मृद्गंधा

सरळ उत्तर देते. घरात लहान मुलं असतील आणि हातातून वस्तू सुटत असतील तर लाकडीच घ्या. सिरॅमिकचा डिपर काचेच्या बरणीच्या काठावर आपटला तर दोघांपैकी एकाचा टवका जाणार. टवका गेलेला डिपर परत वापरायचा नाही, त्याची धार आणि कपची दोन्ही धोक्याच्या.

पण लाकूड पाणी पितं, फुगतं, खाचांत काळं पडतं आणि आधीच्या मधाचा वास पुढच्या मधाला देतं. सिरॅमिकचा कोमट पाण्यात धरला की मध विरघळून निघून जातो, जुन्या टूथब्रशनं खाचा घासल्या की कालचा काहीही मागे राहत नाही. जांभळाचा मध आणि ओव्याचा मध एकाच डिपरनं एकामागून एक चाखता येतो. आणि हातात त्याचं वजन लागतं, त्या वजनानं तो बोटांत आपोआप संथ फिरतो. हलका लाकडी डिपर तसा फिरत नाही. मला तरी याचसाठी तो करावासा वाटतो.

---

सातेरी

ताई, तुमच्याकडून काही डिपर घ्यायचे आहेत, माझ्या बाटल्यांसोबत देण्यासाठी. माझ्या बाटलीचं झाकण ५३ मिलिमीटरचं आहे, आतलं तोंड त्याहून थोडं लहान. ३० चं बोंड सहज जाईल, पण बाहेर काढताना तिरपं केलं की काठाला लागतंय असं वाटतं. बोंड २६-२७ चं करता येईल का? दांडी मात्र आखूड नको, बाटली उंच आहे आणि तळाचा मध निघाला पाहिजे.

---

मृद्गंधा

दादा, करता येईल. २६ च्या बोंडात साडेपाच खोलीच्या खाचा धरल्या तर गाभा १५ उरतो, तो दांडीच्या जाडीच्या जवळ येतो, म्हणजे सांध्यावरचा ताणही कमी होईल. उंची ४० वरून ४५ करते आणि अडीचच्या ७ खाचा घेते. दांडीसाठी बाटलीची आतली उंची मला कळवा, तीत बोटांनी धरायला ७ सेंटिमीटर वरून मिळवीन.

काका, तुमच्याकडे जुना रांजण असेल तर मला हवा आहे, आणि बश्यांचं काम तुम्ही घ्याल का? डिपर आडवा ठेवायला एक खोबण असलेली, ग्लेझ नसलेली तांबडी बशी. सभोवती पाण्याचा चर ठेवला तर मुंग्याही येणार नाहीत.

---

कुंभारवाडा_सोलापूर

रांजण दोन पडलेत मागच्या पडवीत, कधीबी या. बशी करतो, पण पाण्याचा चर नको. बिनग्लेझची माती पाणी पिणार, बशी कायम ओली राहणार आणि त्या ओलीवर काठी ठेवली की खाचा वाळायच्याच नाहीत. आत्ताच सातेरी दादांनी सांगितलं ना, ओली काठी मधात घालू नका म्हणून. त्यापेक्षा बशीला तीन पाय करतो. पायांभोवती तुम्ही हळद टाका. खोबणीचं माप पाठवा.

---

मृद्गंधा

बरोबर, चर रद्द. तीन पायच करा. खोबण ३२ मिलिमीटर रुंद आणि १० खोल, भाजल्यानंतरचं माप. या खेपेचे डिपर पाऊस सुरू व्हायच्या आत भाजून होतील. पहिला नमुना ४० अंशांच्या मधात आणि २० अंशांच्या मधात असा दोन्ही वेळा फिरवून बघते आणि अडीचची खाच किती धरते ते इथेच लिहिते.